वन्यजीव आणि पक्षी छायाचित्रणासाठी टेलिफोटो झूम लेन्सची निवड

वन्यजीव आणि पक्ष्यांच्या छायाचित्रणात वापरल्या जाणाऱ्या टेलिफोटो झूम लेन्स ढोबळमानाने दोन घराण्यांतल्या असतात. पहिल्या घराण्यातल्या १०० मिमीच्या आसपास सुरू होऊन ४०० किंवा ५०० मिमीला संपतात. दुसऱ्या १५० ते २०० मिमीला सुरू होऊन ६०० मिमीपर्यंत जातात. त्यापुढे ८०० मिमीपर्यंत पोचणाऱ्या झूम अलीकडच्या आहेत. कॅननची २००-८०० २०२३ साली आली, सोनीची ४००-८०० २०२५ साली. दुकानात शिरणारा गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, किती मिमीची घेऊ? हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. प्राणी केवढा आहे, तो किती अंतरावर दिसतो, कोणत्या वेळच्या उजेडात दिसतो आणि लेन्स दिवसभर उचलणार कोण, हे आधी ठरले की मिमीचा आकडा फारसा वाद न घालता ठरतो. उलट्या क्रमाने गेलेल्यांच्या दोन-दोन किलोच्या लेन्स कपाटात पडून असतात.

झूमच का, हेही आधी पाहायला हवे. एकाच फोकल लेंग्थच्या, म्हणजे प्राइम लेन्सची प्रतिमा अधिक रेखीव असते आणि त्या अधिक उजेड आत घेतात. पण ६०० मिमी एफ ४ या प्राइमचे वजन तीन किलोच्या घरात आणि किंमत दहा लाख रुपयांच्या वर असते. हौशी छायाचित्रकाराला परवडेल अशी ६०० मिमीची चांगली झूम टॅमरॉनने २०१३च्या अखेरीस १५०-६०० या रूपात जाहीर केली आणि चित्र पालटले. सिग्माने पुढच्याच वर्षी त्याच टप्प्याच्या दोन लेन्स जाहीर केल्या, ‘स्पोर्ट्स’ आणि ‘कंटेम्पररी’. निकॉनची २००-५०० एफ ५.६ २०१५ साली, सोनीची २००-६०० २०१९ साली आणि निकॉनची मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची १८०-६०० २०२३ साली आली. आज पक्षीनिरीक्षकांच्या गळ्यात दिसणाऱ्या लेन्सपैकी बऱ्याच याच यादीतल्या असतात.

किंमतीइतकेच दुसरे कारण आपल्याकडच्या सफारींच्या पद्धतीत आहे. ताडोबा, पेंच किंवा मेळघाटात पर्यटकाला जिप्सीतून खाली उतरता येत नाही. गाडी कुठे थांबेल हे वाटाडे आणि चालक ठरवतात, आणि वाघ कुठून निघेल हे वाघ ठरवतो. छायाचित्रकाराच्या हाती पुढेमागे सरकणे नसते, फक्त झूमची कडी असते. शिवाय धुळीच्या रस्त्यावर उघड्या गाडीत लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर धूळ ओढवून घेणे. प्रत्येक अंतराला वेगळी प्राइम ही कल्पना तिथे चालत नाही.

आता अंतराचा हिशेब. सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार काढायला फोकल लेंग्थला अंतराने भागायचे आणि प्राण्याच्या खऱ्या आकाराने गुणायचे. छोटा खंड्या सुमारे १६ सेंमीचा. तो २० मीटरवर बसला असेल, तर ४०० मिमीच्या लेन्सने त्याची प्रतिमा पडते ३.२ मिमीची. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिमी असते, म्हणजे पक्षी चौकटीच्या अकराव्या भागाएवढा. ६०० मिमी लावली तर प्रतिमा ४.८ मिमी होते, तरीही चौकटीचा सातवा-आठवा भागच. मात्र ४०० मिमीचीच लेन्स घेऊन अंतर १० मीटरवर आणता आले तर प्रतिमा ६.४ मिमीची होते. ४०० वरून ६०० वर जाण्यापेक्षा अंतर निम्मे करण्याचा फायदा मोठा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. बहुतेक लहान पक्ष्यांच्या फोटोत दिसणारा फरक लेन्सच्या लांबीचा नसून छायाचित्रकार किती वेळ स्वस्थ बसला याचा असतो.

हाच हिशेब वाघाला लावला की उलटे उत्तर येते. शेपटी सोडली तर वाघाचे शरीर दोन मीटरच्या आसपास लांब. २० मीटरवर ४०० मिमीने त्याची प्रतिमा ४० मिमीची, म्हणजे फुल फ्रेममध्येही मावत नाही. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तर पुढचा निम्मा वाघ. तोच वाघ रस्त्याने गाडीकडे चालत १० मीटरवर आला तर २०० मिमीही जास्त होते. २०० मिमीच्या खाली न जाणारी लेन्स घेऊन बसलेला छायाचित्रकार अशा वेळी डोळे आणि मिशांचे फोटो काढत राहतो. रानगवे, हत्ती, सांबरांचा कळप आणि जंगलासकट प्राणी दाखवणारी चित्रे यांना १०० मिमीची सुरुवात फार उपयोगी पडते. वन्यजीवांच्या फोटोत प्राण्याभोवतीचा अधिवासही दिसावा असे ज्यांना वाटते, त्यांना झूमचे खालचे टोक वरच्या टोकाइतकेच महत्त्वाचे असते.

सेन्सरच्या आकाराबाबत एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. क्रॉप सेन्सरवर ४०० मिमीची लेन्स ६०० मिमीची होते, असे सर्रास म्हटले जाते. लेन्स आहे तीच राहते आणि खंड्याची प्रतिमाही ३.२ मिमीचीच पडते. सेन्सर लहान असल्याने भोवतालचे दृश्य फक्त कापले जाते. निकॉन, सोनी व फुजीफिल्मच्या क्रॉप कॅमेऱ्यांत हे प्रमाण १.५, कॅननमध्ये १.६ आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये २ असते. खरा फायदा मिळतो तो त्या ३.२ मिमीत किती पिक्सेल बसतात यावर. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात एका मिलिमीटरला सुमारे १६७ पिक्सेल बसतात, म्हणजे खंड्याची लांबी साधारण ५३० पिक्सेलची. कॅननच्या आर ७ या ३२.५ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात त्याच लेन्सने ती जवळपास हजार पिक्सेलची होते. निकॉनच्या डी ८५० किंवा झेड ८ सारख्या ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांत मिलिमीटरला सुमारे २३० पिक्सेल असतात. त्यामुळे तिथे नंतर कापून घेतलेला फोटो क्रॉप कॅमेऱ्याच्या फोटोच्या बराच जवळ येतो. हातातली बॉडी दाट पिक्सेलची असेल तर १००-४०० पुष्कळ पुरते. जुन्या, विरळ पिक्सेलच्या फुल फ्रेमवर पक्षी काढायचे असतील तर मात्र ६०० मिमीला पर्याय उरत नाही.

जागांचा विचार केला तर महाराष्ट्रातच टोकाचे फरक दिसतात. सुपे-मयूरेश्वरच्या माळरानावर चिंकारा आणि लांडगे दूरच राहतात, आडोसा मिळत नाही आणि पायी जवळ जाऊ पाहिले की प्राणी आणखी लांब सरकतो. तिथे ६०० मिमीही अपुरी वाटते. नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावरून बदकांचे थवे टिपतानाही तेच. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात होडीने रोहित पक्ष्यांच्या बऱ्यापैकी जवळ जाता येते. थव्याचे उड्डाण टिपायचे तर २०० ते ४०० मिमीतच बरेच काम होते. गोव्यात चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीतल्या वाटांवर खंड्यांच्या जाती जवळून दिसतात, पण फांद्यांच्या दाटीत उजेड कमी असतो. आंबोली, भीमाशंकर आणि ताम्हिणीच्या झाडोऱ्यात तर लांबीपेक्षा उजेडाचा प्रश्न मोठा होतो. ज्याचे वर्षातले बहुतेक दिवस ज्या प्रकारच्या जागेत जातात, त्या जागेचा विचार करून लेन्स घ्यावी. पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या केनियाच्या दौऱ्यासाठी घेऊ नये. तेवढ्यापुरती ती भाड्याने मिळते.

उजेड आत घेण्याची क्षमता अ‍ॅपर्चरच्या आकड्यावरून कळते. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. एफ ४ वरून एफ ५.६ वर गेल्यास उजेड निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप कमी होतो, एफ ८ वर पाव. एफ ५.६ आणि एफ ६.३ यांतला फरक एक तृतीयांश स्टॉपचा, म्हणजे जेमतेम जाणवणारा. त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. पण एफ ४ आणि एफ ९ यांत सव्वादोन स्टॉपहून अधिक अंतर आहे. पहाटेच्या ज्या उजेडात एफ ४ ला १६०० आयएसओ पुरतो, तिथे त्याच शटर स्पीडसाठी एफ ६.३ ला ४००० आणि एफ ९ ला ८००० आयएसओ लागतो. जंगलाचे दरवाजे उघडल्यानंतरचा पहिला तास आणि संध्याकाळी बंद होण्याआधीचा शेवटचा तास हेच हालचालीचे तास असतात, आणि त्याच वेळी हा फरक अंगावर येतो. कॅननची १००-४०० एफ ५.६-८ ही अवघी ६३५ ग्रॅमची लेन्स भर उन्हातल्या माळरानासाठी, प्रवासासाठी आणि हात दुखणाऱ्यांसाठी उत्तम आहे. सह्याद्रीच्या सदाहरित रानात मात्र ती लवकर हार मानते.

उजेडाची किंमत वजनाने चुकवावी लागते, आणि त्यामागचे कारण सोपे आहे. फोकल लेंग्थला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागले की लेन्सच्या प्रवेशद्वाराचा व्यास मिळतो. ६०० मिमी एफ ६.३ साठी तो ९५ मिमी, आणि ६०० मिमी एफ ४ साठी १५० मिमी. सोनीच्या २००-६०० ला ९५ मिमीचा फिल्टर लागतो तो यामुळेच. पुढची काच तेवढी मोठी घेतल्याशिवाय तेवढा उजेड आत येत नाही, त्यामुळे ‘हलकी, स्वस्त आणि उजळ ६०० मिमी’ शोधत बसण्यात अर्थ नाही.

मागची बाजू धूसर होण्यासाठी मोठे अ‍ॅपर्चर हवेच, हा समज लांब लेन्सच्या बाबतीत तितकासा खरा नाही. फुल फ्रेमवर ६०० मिमी एफ ६.३ ने १० मीटरवरच्या पक्ष्यावर फोकस केल्यास स्पष्टतेची खोली फक्त १० सेंमीच्या आसपास राहते. उजव्या डोळ्यावर फोकस असेल तर मोठ्या पक्ष्याची शेपटी धूसर होतेच. पक्ष्याच्या मागची झाडी दूर असली की पार्श्वभूमी आपोआप विरघळते. ती लगतच असेल तर एफ ४ चाही फार उपयोग होत नाही.

फोकसचा वेग ही कागदावरच्या माहितीतून न कळणारी बाब आहे. बसलेल्या तांबटावर कोणतीही लेन्स फोकस करते. पण सूर मारणारी कापशी घार, झाडाझाडांतून झेपावणारे शेकरू किंवा वेड्या राघूचे भिरभिरणे यांत फोकसची मोटर मंद असेल तर निम्मे फोटो वाया जातात. एकाच टप्प्याच्या दोन लेन्समध्ये किंमतीचा मोठा फरक असेल, तर तो बऱ्याचदा मोटरचा आणि बांधणीचा असतो. लेन्सवर फोकसची मर्यादा घालणारे बटण असावे. निकॉनच्या २००-५०० वर ते ६ मीटरपासून अनंतापर्यंत, सोनीच्या २००-६०० वर १० मीटरपासून अनंतापर्यंत फोकस बांधून ठेवते. पक्षी दूर असताना हे बटण लावले की फोकस जवळच्या गवतापर्यंत जाऊन परत येण्याचा हेलपाटा वाचतो. बटण असूनही ते कधीच न वापरणारे पुष्कळ आहेत. कॅमेऱ्याचा वाटाही यात मोठा असतो. पक्ष्याचा डोळा ओळखणाऱ्या नव्या मिररलेस बॉडीवर साधी लेन्सही जुन्या डीएसएलआरवरच्या महाग लेन्सपेक्षा जास्त फोटो जागेवर आणते. पैसे मोजकेच असतील तर लेन्स बदलावी की बॉडी, हा प्रश्न म्हणूनच प्रामाणिकपणे विचारावा लागतो.

हाताच्या थरथरीवर उपाय म्हणून बहुतेक सगळ्या टेलिफोटो झूममध्ये इमेज स्टॅबिलायझेशन असते. कॅनन त्याला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, सिग्मा ओएस आणि टॅमरॉन व्हीसी. जुना नियम असा की शटर स्पीड फोकल लेंग्थच्या व्यस्ताइतका तरी असावा, म्हणजे ६०० मिमीला १/६०० सेकंद. चार स्टॉपचे स्टॅबिलायझेशन तो १/४० पर्यंत खाली आणू देते. मात्र ते फक्त छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, प्राण्याला नाही. मान वळवणाऱ्या बगळ्यासाठी १/५०० तरी लागतो आणि उडत्या लहान पक्ष्यासाठी १/२००० किंवा त्याहून जास्त. त्यामुळे स्टॅबिलायझेशनचा आकडा पाच स्टॉपचा की साडेपाचचा, यावर निवड करण्यात फारसा अर्थ नाही. धावणाऱ्या रानकुत्र्यांबरोबर कॅमेरा फिरवताना वापरायचा वेगळा मोड लेन्समध्ये आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

वजनाच्या बाबतीत माणूस स्वतःलाच फसवतो. दुकानात दोन मिनिटे हातात धरलेली लेन्स जड वाटत नाही. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅमची, निकॉनची २००-५०० ट्रायपॉडच्या कॉलरसह २३०० ग्रॅमची, सोनीची २००-६०० २११५ ग्रॅमची आणि सिग्माची जुनी स्पोर्ट्स २८६० ग्रॅमची आहे. त्यात बॉडी मिळवली की तीन ते पावणेचार किलो होतात. उलट कॅननची मिररलेससाठीची १००-५०० कॉलरशिवाय १३७० ग्रॅम आणि सोनीची १००-४०० १३९५ ग्रॅम भरते. जिप्सीत बसणाऱ्याला या फरकाने काही बिघडत नाही. सिंहगडाच्या दरीत किंवा डोंगरवाटांवर सकाळभर चालणाऱ्याला मात्र तो दुपारपर्यंत खांद्यात कळतो, आणि पक्षी डोक्यावरून जाताना लेन्स वेळेत उचलली जात नाही. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि मानदुखी असलेल्यांनी १५०० ग्रॅमच्या आतच राहावे, हे बरे. विमानाने जाणाऱ्यांना देशांतर्गत प्रवासात हातातल्या सामानाची ७ किलोची मर्यादाही आड येते.

बांधणीत एक फरक वापरात ठळक जाणवतो. काही लेन्स झूम करताना लांब होतात, काहींची लांबी तेवढीच राहते. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० दुसऱ्या प्रकारातल्या आहेत. त्या पिशवीत जास्त जागा खातात, पण त्यांचा तोल झूमबरोबर पुढे सरकत नाही आणि नळी आतबाहेर होताना धूळ-दमट हवा आत ओढली जाण्याचा धोकाही कमी असतो. निकॉनच्या १८०-६०० ची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७० अंशच फिरवावी लागते, म्हणजे मनगटाच्या एका वळणात काम होते. लांब होणाऱ्या लेन्स प्रवासाला सोयीच्या. त्यांत नळी आपोआप घसरू नये म्हणून कुलूप असते. ते घट्ट बसते की नाही हे पाहून घ्यावे. माउंटला रबरी कडे आणि सांध्यांना धूळ-पाण्यापासून संरक्षण असेल तर विदर्भातल्या मे महिन्यात आणि कोकणातल्या जूनमध्ये त्याची किंमत कळते.

किमान फोकस अंतराकडे फार थोडे लक्ष देतात. कॅननच्या १००-४०० च्या दुसऱ्या आवृत्तीला आणि सोनीच्या १००-४०० ला जेमतेम एक मीटरवर फोकस होतो. त्यामुळे फुलपाखरे, चतुर, बेडूक हे सगळे त्याच लेन्सने निघतात, आणि पावसाळ्यात आंबोलीला वेगळी मॅक्रो लेन्स नेली नाही तरी चालते. ६०० मिमीवाल्यांचे हे अंतर साधारण सव्वादोन ते पावणेतीन मीटर असते. पाणवठ्याजवळच्या लपणात बसल्यावर पक्षी समोरच्याच दगडावर येतो आणि लेन्स नुसती घरघरत राहते, असा प्रसंग अशांना नवा नाही.

टेलिकन्व्हर्टर घेऊन लांबी वाढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. १.४ पटीचा एक स्टॉप उजेड खातो, दोन पटीचा दोन. एफ ६.३ च्या झूमवर १.४ पटीचा लावला की ती एफ ९ ची होते. बहुतेक डीएसएलआरची फोकस यंत्रणा एफ ८ पलीकडे नीट चालत नाही, जुन्या बॉडींची तर एफ ५.६ पलीकडेही नाही. मिररलेस कॅमेरे फोकस करतात, पण अंधूक उजेडात चाचपडतात. कॅननच्या १००-५०० वर कन्व्हर्टर लावल्यास झूम ३०० मिमीच्या खाली येत नाही, म्हणजे तिचा मुख्य गुणच जातो. सोनीच्या बॉडीवर इतर कंपन्यांच्या लेन्सना कन्व्हर्टरची सोय नाही. एकंदरीत झूमबरोबर दोन पटीचा कन्व्हर्टर हा पैशाचा अपव्यय आहे. १.४ पटीचा घ्यायचाच तर तो एफ ५.६ किंवा त्याहून उजळ लेन्ससाठी घ्यावा, आणि भरपूर ऊन असतानाच लावावा.

माउंटचा प्रश्न निवडीची कक्षा मुळातच आखून देतो. डीएसएलआरसाठीच्या लेन्स त्याच कंपनीच्या मिररलेस बॉडीवर अ‍ॅडॉप्टरने चालतात. कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर विनातक्रार चालतात, आणि निकॉनची २००-५०० एफटीझेड अ‍ॅडॉप्टरने झेड बॉडीवर चालते. उलट दिशेने, म्हणजे मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर, चालत नाही. सिग्मा-टॅमरॉनच्या जुन्या लेन्सना नव्या बॉडीवर नीट चालण्यासाठी फर्मवेअर बदलावे लागू शकते; ते कुठे आणि कसे होते हे विकत घेण्याआधी विचारावे. सोनीच्या सर्वांत वेगवान बॉडी इतर कंपन्यांच्या लेन्स लावल्यावर सेकंदाला १५ फोटोंपुढे जात नाहीत, हेही लक्षात ठेवावे. हौशी माणसाला १५ पुरेसे आहेत, पण ३० च्या आशेने महाग बॉडी घेतलेल्याची निराशा होते.

लेन्सच्या पैशातून थोडे पैसे आधारासाठी बाजूला ठेवावेत. जिप्सीत ट्रायपॉड उभा राहत नाही. तिथे तांदूळ किंवा कडधान्य भरलेली बीनबॅग गाडीच्या कठड्यावर ठेवणे सर्वांत उपयोगी. रिकामी नेऊन मुक्कामाच्या गावी भरून घेतली की सामानाचे वजनही वाढत नाही. होडीत ट्रायपॉड होडीबरोबरच डुलतो, म्हणून हातात धरणे किंवा मोनोपॉड बरा. माळरानावर आणि पाणथळीच्या काठावर गिंबल हेड बसवलेला ट्रायपॉड दोन किलोच्या लेन्सचे वजन नाहीसे करतो. हूड कायम लावलेला असावा. पुढच्या काचेच्या रक्षणासाठी स्वस्त यूव्ही फिल्टर लावू नये. ६०० मिमीवर तो चित्राचा रेखीवपणा घालवतो.

लेन्स मऊ आहे, चित्र कापरे येते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा दोष हवेचा असतो. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या जमिनीवरून आणि पाण्यावरून हवा थरथरू लागते. १०० मीटरवरचा प्राणी कितीही महाग लेन्सने टिपला तरी विरघळल्यासारखाच दिसतो, आणि लेन्स जितकी लांब तितकी ही थरथर मोठी दिसते. म्हणून नव्या लेन्सची परीक्षा दुपारी, दूरच्या विषयावर कधीही करू नये.

लांब लेन्सचा एक फायदा प्राण्याच्या बाजूचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे येते. जवळ जाण्यासाठी घरट्याभोवतीच्या फांद्या तोडणे, हा म्हणूनच नुसत्या शिष्टाचाराचा भंग नसतो. लेन्स अपुरी पडत असेल तर फोटो सोडायचा असतो. आणि ६०० मिमी हातात असली म्हणून घरट्यासमोर तासभर ठाण मांडण्याची मुभा मिळत नाही.

विकत घेण्याआधी लेन्स दोन दिवस भाड्याने घेऊन पाहणे हा सर्वांत स्वस्त विमा. मुंबई-पुण्यात अशा लेन्स भाड्याने मिळतात. सकाळच्या थंड हवेत १० मीटरवर भिंतीला वर्तमानपत्राचे पान चिकटवावे, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून टायमरने सगळ्यात लांब टोकाला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढावेत, मग एक स्टॉप बंद करून पुन्हा. झूमचा सगळ्यात दुबळा भाग बहुधा हाच असतो, आणि पक्ष्यांसाठी तोच नेहमी वापरला जातो. पानाची डावी आणि उजवी बाजू सारखी स्पष्ट नसेल तर आतली एखादी काच तिरपी आहे असे समजावे. फोकस तपासायला गच्चीवरच्या घारी आणि कावळे पुरतात. दहा मिनिटे त्यांचा पाठलाग केला की लेन्सची खरी चाल कळते.

डीएसएलआरवरून मिररलेसकडे गेलेल्या अनेकांनी जुन्या लेन्स विकायला काढल्यामुळे वापरलेल्या लेन्सचा बाजार सध्या खरेदीदाराच्या बाजूचा आहे. निकॉनची २००-५००, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी आणि कॅननची १००-४०० ची दुसरी आवृत्ती या तिन्ही वापरलेल्या घेण्यासारख्या आहेत. अशी लेन्स पाहताना मागून टॉर्चचा उजेड टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहावे. मुंबई, कोकण आणि गोव्यात वापरलेल्या लेन्समध्ये ती सापडण्याची शक्यता जास्त. बारीक धूळ चालते, बुरशी नाही. झूम आणि फोकसच्या कड्या सगळीकडे सारख्या फिरतात का, नळी डगमगते का, स्टॅबिलायझेशन चालू केल्यावर चित्र थांबते का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. स्वतःची लेन्स पावसाळ्यात ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी. चामड्याच्या पिशवीत ठेवणे हा बुरशी लावण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग.

मुख्यतः सफारीला जाणाऱ्यांनी १००-४०० किंवा १००-५०० घ्यावी. जिप्सीत ६०० ची उणीव क्वचितच भासते, १०० ची मात्र नक्की भासते. पाणथळी आणि माळरानावरच्या पक्ष्यांसाठी ६०० मिमीपर्यंत जाणारी झूमच योग्य, आणि त्यात आतल्या आत झूम होणारी मिळाली तर उत्तम. दोन्ही करणाऱ्यांनी, किंवा पुढे काय आवडेल हे अजून न ठरलेल्यांनी, दाट पिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर १००-४०० घेऊन सुरुवात करावी. ज्यांच्याकडे आधीच ७०-३०० आहे त्यांनी हिवाळ्याचा एक हंगाम तीच वापरून काढलेले फोटो पाहावेत. त्यांतले बहुसंख्य ३०० मिमीवरच काढलेले आणि तरीही कापून घ्यावे लागलेले असतील, तर मोठ्या लेन्सचा खर्च वाजवी ठरतो. तसे नसेल तर तो पैसा बॉडीवर किंवा प्रवासावर खर्च करावा.